यंत्रमानव, घरगुती संगणक आणि हुकमाचा प्रश्न

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंत्रमानव आणि शिक्षण या विषयावर लिहावयास आम्हाला सांगितले, तेव्हा आमच्या परिचयातील पुष्कळांना नवल वाटले. त्यांचे नवल रास्तच होते. आम्ही अभियंते नव्हे, अध्यापकही नव्हे. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले आणि पुढचे सारे छापखान्यात झाले. दुसऱ्यांची पुस्तके खिळ्याला खिळा लावून जुळविता जुळविता जे वाचावयास मिळाले, त्यावरच आमची भूक भागली. त्यानंतरची तीस-बत्तीस वर्षे कामगार संघटनेच्या कामात गेली. अशा माणसाने या विषयाला हात घालण्याचे धाडस दोन कारणांनी केले आहे. एक तर या विषयाचा उगमच मुळी कामगाराच्या प्रश्नात आहे. आणि दुसरे असे की, या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली. ती सांगितल्यावाचून हा विषय आम्हाला पुरा मांडता येणार नाही. ती चूक यथाक्रम येईलच. आधी विषयाकडे वळू.

शब्दाचा जन्म

‘रोबो’ हा शब्द आज लहान मुलाच्याही तोंडी आहे. तो मूळचा इंग्रजी असावा असा पुष्कळांचा समज असतो. परंतु तो चेक भाषेतून आला. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला. नाटकातील कृत्रिम कामगारांना काय नाव द्यावे, असा प्रश्न चापेकना पडला होता. लॅटिनमधील श्रमवाचक शब्दावरून त्यांनी एक नाव योजले होते, पण ते त्यांनाच पुस्तकी वाटले. तेव्हा त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी ‘रोबोट’ हा शब्द सुचविला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळाने ठराविक दिवस फुकट राबावयाचे, या चालीला तिकडे हे नाव होते. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ही चाल १८४८ साली कायद्याने बंद झाली. आपल्या कोकणात खोताच्या घरची वेठ ज्यांच्या आजा-पणजाने केली, त्यांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. रोबोट म्हणजे वेठबिगार, इतका तो सरळ आहे.

चापेकचे रोबोट लोखंडाचे नव्हते. रासायनिक द्रव्यापासून घडविलेले, दिसावयास माणसासारखेच असे ते होते. एका बेटावरील कारखान्यात ते तयार होत आणि जगभर विकले जात. कारखान्याच्या चालकांचा हिशेब साधा होता: माणसाची हौस, त्याचे छंद, त्याची माया यांचा उत्पादनाला उपयोग नाही, तेव्हा त्या वजा करून जो उरेल तो सर्वांत स्वस्त कामगार. हा हिशेब वाचून आम्हाला मुळीच आश्चर्य वाटले नाही. चहाची सुट्टी, स्त्रियांसाठी पाळणाघर, दमलेल्या माणसाला टेकावयास बाकडे, या साऱ्या मागण्या ‘अनुत्पादक खर्च’ या सदरात घातलेल्या आम्ही वाटाघाटींच्या टेबलावर कितीदा तरी पाहिल्या आहेत. नाटकात अखेर रोबोट बंड करतात आणि मनुष्यजातीचा संहार होतो. एकच माणूस वाचतो, तो बांधकामावरचा आल्क्विस्ट. त्याला सोडण्याचे कारण काय? तर तो त्यांच्यासारखाच हाताने काम करतो!

जत्रेतला आणि कारखान्यातला

नाटकातून निघालेला हा यंत्रमानव लवकरच जत्रेत शिरला. १९२७ साली फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाच्या ‘मेट्रोपोलिस’ या जर्मन मूकपटात धातूची यंत्रस्त्री पडद्यावर आली. तिचा उपयोग कामगारांना भडकावून त्यांच्याच नाशास प्रवृत्त करण्यासाठी होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९२८ साली लंडनच्या एका प्रदर्शनात ‘एरिक’ नावाचा अल्युमिनियमचा पुतळा उभा राहिला व बोलला. त्याच्या छातीवर ‘आर. यू. आर.’ हीच अक्षरे होती. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात ‘इलेक्ट्रो’ नावाचा सात फुटी यंत्रमानव तबकड्यांवरील आवाजात बोले आणि सिगारेटही ओढी. लोक टाळ्या वाजवीत. यातील एकालाही खरे काम येत नव्हते. ते तमाशाचे सोंग होते. पण सोंगातून लोकांच्या मनात एक चित्र पक्के झाले: यंत्रमानव म्हणजे एक तर हरकाम्या नोकर, नाही तर उलटलेला राक्षस. १९४२ साली अमेरिकन लेखक आयझॅक असिमोव्ह यांनी आपल्या कथेत यंत्रमानवासाठी तीन नियम घालून दिले, तेही याच भीतीला लगाम घालण्यासाठी. पुढे १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने यंत्रमानवाला मुलांचा लाडका सोबती करून टाकले.

खरा कामाचा यंत्रमानव कारखान्यात गेला तो १९६१ साली. अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानात जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हे यंत्र बसविले गेले. त्याला डोके नव्हते, पाय नव्हते, तोंड नव्हते. होता तो एक मजबूत हात. साच्यातून निघालेले तापलेले ओतीव भाग उचलणे हे त्याचे काम. ते काम माणसाच्या दृष्टीने धोक्याचे होते. यंत्राने ते अंगावर घेतले याबद्दल कोणी सुज्ञ कामगार तक्रार करणार नाही. तक्रार सुरू होते ती पुढच्या प्रश्नापाशी: जो माणूस कालपर्यंत तेथे उभा होता, तो आज कोठे उभा आहे? आणि ते यंत्र चालविण्याची, समजून घेण्याची विद्या त्याला कोणी दिली काय?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कारखान्यात मिळत नाही. त्यासाठी शाळेत जावे लागते.

दोन कासवे

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात ग्रे वॉल्टर नावाचे एक मेंदुतज्ज्ञ होते. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनी दोन लहान चाकांची यंत्रे तयार केली व त्यांना ‘एल्मर’ आणि ‘एल्सी’ अशी नावे दिली. वर कवच, खाली चाके आणि चाल संथ, म्हणून लोक त्यांना कासवे म्हणत. एकेका कासवाच्या पोटात दोनच रेडिओ-व्हॉल्व्ह होते. एक डोळा उजेड ओळखी व कवचाला धक्का लागला की ते कळे. एवढ्या भांडवलावर ती कासवे उजेडाकडे जात, उजेड फार प्रखर झाला की बाजूला वळत, अडथळा आला की तो चुकवून पुढे निघत. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या महोत्सवात लोकांनी अशी कासवे पाहिली. जेथे चालक दिसत नाही आणि दोरही दिसत नाही, तेथे थोड्याशा जोडणीतून जिवंतपणाचा भास कसा निर्माण होतो, हे त्यांनी दाखवून दिले.

दुसरे कासव अमेरिकेत जन्मास आले, आणि ते मुलांसाठी होते. सेमूर पेपर्ट हे त्याच्या जनकांपैकी एक. दक्षिण आफ्रिकेत १९२८ साली जन्मलेले हे गणितज्ञ काही वर्षे जिनिव्हाला झां पियाजे यांच्याबरोबर काम करीत होते. मूल हे रिकामे भांडे नसून आपले ज्ञान ते स्वतःच रचते, हा पियाजे यांचा सिद्धांत. तो घेऊन पेपर्ट अमेरिकेत आले, आणि वॉली फर्झिग, सिंथिया सॉलोमन आदी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी १९६७ साली ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा सिद्ध केली. तिच्या जोडीला लवकरच जमिनीवर फिरणारे कासव आले. त्याच्या पोटाशी पेन असे. ते चाले तशी खालच्या कागदावर रेघ उमटे. पुढे हेच कासव संगणकाच्या पडद्यावरही अवतरले.

कासवाला हुकूम द्यावयाचे ते असे. ‘फॉरवर्ड १००’ म्हटले की ते शंभर पावले सरळ जाई. ‘राइट ९०’ म्हटले की जागच्या जागी उजवीकडे काटकोनात वळे. हे दोन हुकूम चारदा दिले की चौरस तयार. आता मुलाला त्रिकोण काढावयाचा आहे. शाळेत त्याने घोकलेले असते की समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. तेव्हा ते वळण ६० चे देते. परंतु कासव त्रिकोण काढीतच नाही! तीन बाजू होतात खऱ्या, पण त्या मिटत नाहीत. षट्कोनाचा अर्धा भाग तेवढा दिसतो. चूक कोठे झाली? मूल स्वतः उठते, फरशीवर कासवासारखे चालू लागते, आणि कोपऱ्यावर आले की त्याला उमगते: आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो. वळण १२० चे हवे. तीनदा १२० म्हणजे ३६०. चारदा ९० म्हणजेही ३६०. एक पुरी फेरी मारून जो निघाल्या जागी आला, तो एकंदर ३६० अंश वळला. भूमितीतला हा सिद्धांत मुलाला पायांनी कळला. गुरुजींनी तो फळ्यावर लिहून दिला असता, तर परीक्षेपुरता टिकला असता.

यात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती चुकीची किंमत. चूक झाली म्हणून कासव छडी मारीत नाही, गुण कापीत नाही. दिलेला हुकूम ते जसाच्या तसा पाळते, आणि आपण काय बोलून गेलो हे आपल्याला दाखविते. आमच्या धंद्यात याला प्रूफ म्हणत. पहिल्या प्रुफात चुका असावयाच्याच. त्या पाहता याव्यात म्हणून तर प्रूफ काढावयाचे. ज्या शाळेत मुलाला प्रूफ काढण्याची मुभा नाही, तेथे ते चूक लपवावयास शिकते.

शिकविणारे यंत्र

याच काळात यंत्राने शिक्षण देण्याचा दुसराही एक मार्ग पुढे आला होता. बी. एफ. स्किनर हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९५४ साली एक ‘शिकविणारे यंत्र’ दाखविले. पेटीच्या खिडकीत प्रश्न येई, मूल उत्तर देई, ते बरोबर की चूक हे लगेच कळे, आणि मग पुढचा प्रश्न. प्रत्येक मुलाने आपापल्या गतीने जावे आणि त्याला ताबडतोब उत्तर मिळावे, हा यातील चांगला भाग. एका वर्गात साठ मुले कोंबणाऱ्यांनी त्याला हसू नये. परंतु येथे प्रश्न यंत्राचा, क्रम यंत्राचा, निकालही यंत्राचा. मुलाने फक्त होकार भरावयाचा.

म्हणजे दोन वाटा झाल्या. एका वाटेवर यंत्र मुलाला चालविते. दुसऱ्या वाटेवर मूल यंत्राला चालविते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात पेपर्ट यांनी नेमक्या याच भेदावर बोट ठेवले. वरवर पाहता दोन्हीकडे मूल यंत्रापुढेच बसलेले असते. प्रेक्षकाला फरक दिसत नाही. कामगाराला तो तत्काळ दिसतो, कारण यंत्र चालविणे आणि यंत्रामागे धावणे यांतील अंतर त्याच्या पाठीच्या कण्याला माहीत असते.

संगणक घरी आला

संगणक प्रथम खोलीएवढे होते, मग कपाटाएवढे झाले. १९७७ साली अमेरिकेत ॲपल दोन, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० अशी तीन यंत्रे टेबलावर मावतील अशा बेताने बाजारात आली. ब्रिटनमध्ये सिंक्लेअर यांनी १९८० साली शंभर पौंडांच्या आतला आणि पुढच्याच वर्षी सुटे भाग आपण जोडून घेतल्यास पन्नास पौंडांच्या आतला संगणक विकावयास काढला. तो घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचा, आणि आपला कार्यक्रम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवावयाचा. कॅसेट वाजविली की कर्कश शिट्टीसारखा आवाज येई. तो आवाज म्हणजेच कार्यक्रम. हॉलंडमध्ये व युगोस्लाव्हियात असे कार्यक्रम चक्क रेडिओवरून प्रक्षेपित होत, आणि मुले ते टेपवर धरून ठेवीत. युगोस्लाव्हियात परदेशी संगणक आणणे अवघड होते. तेव्हा वोया आंतोनिच या गृहस्थाने ‘गालाक्सिया’ नावाच्या संगणकाचा सारा आराखडा १९८३ च्या अखेरीस एका मासिकाद्वारे लोकांपुढे ठेवला, आणि हजारो लोकांनी तो घरी जोडला. विद्या कुलुपात न ठेवता वाटली तर काय होते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

या यंत्रांची स्मरणशक्ती किती होती? पुष्कळांची सोळा किंवा बत्तीस किलोबाइट. म्हणजे सुमारे सोळा किंवा बत्तीस हजार इंग्रजी अक्षरे मावतील एवढीच. एखाद्या लहान पुस्तकाची काही प्रकरणे म्हणा ना! त्या जागेत खेळ, गणित, चित्र सारे बसवावयाचे. मासिकांत कार्यक्रमांच्या ओळीच्या ओळी छापून येत; मुले त्या बोटाने टिपून घेत. एक स्वल्पविराम चुकला की सारे बंद पडे. मग ओळ न् ओळ ताडून पाहावयाची. हे वाचून आम्हाला आमचे जुळणीचे दिवस आठवले. जे काम आम्ही पोटासाठी करीत होतो, ते तिकडची मुले हौसेने करीत होती, आणि करता करता यंत्राची भाषा शिकत होती.

येथे एक उणी बाजूही सांगितली पाहिजे. घरचा संगणक बहुधा मुलाच्या खोलीत गेला, मुलीच्या गेला नाही. जाहिरातींतही मुलगेच असत. अमेरिकेत संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्के होते. ते घसरत जाऊन २०१० च्या सुमारास १८ टक्क्यांवर आले. याला कारणे अनेक असतील. पण मुलगा घरूनच शिकून आला आणि मुलगी मागे पडली, हे त्यांतील एक मोठे कारण मानले जाते. साधन कोणाच्या हाती पहिल्याने पडले, यावर पुढच्या पिढीचे काम ठरते.

ब्रिटनचा प्रयोग

१९७८ साली ब्रिटनच्या बीबीसीने सूक्ष्म-विद्युत तंत्रामुळे लोकांच्या नोकऱ्यांचे काय होणार, या विषयावर एक माहितीपट दाखविला. त्याने देशभर चर्चा उसळली. पुढे बीबीसीने असा विचार केला की लोकांना घाबरविण्यापेक्षा शिकवावे. दूरचित्रवाणीवर पाठमाला, सोबत पुस्तक आणि सोबत एक यंत्र, अशी ती योजना होती. यंत्र बनविण्याचे काम केंब्रिजमधील एकॉर्न या लहानशा कंपनीला मिळाले. सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर आदी तरुणांनी नमुना आठवड्याभरात उभा केला. १९८१ च्या डिसेंबरात ‘बीबीसी मायक्रो’ बाजारात आला आणि १९८२ च्या जानेवारीत पाठमाला सुरू झाली. त्याच जानेवारीत मुंबईत गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला होता. दोन्हींचा परस्पर संबंध काही नाही. पण यंत्रयुगाची एक पाळी संपत असता दुसरी कशी सुरू होत होती, हे ध्यानी यावे म्हणून उल्लेख केला.

बारा हजार यंत्रे खपतील असा अंदाज होता. अखेर सुमारे पंधरा लाख खपली. शाळेला यंत्र घ्यावयाचे तर निम्मी किंमत सरकार भरी. १९८३ साली या संगणकाला जोडावयाची ‘बीबीसी बग्गी’ नावाची छोटी गाडी निघाली. ती जमिनीवरील रेघ धरून चाले आणि उजेडाचा माग काढी. ग्रे वॉल्टरचे कासव आता शाळेच्या फरशीवर आले होते.

या यंत्राची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बटण दाबले की ते एक आवाज करी, पडद्यावर एक लहानशी खूण येई, आणि यंत्र थांबून राही. हुकूम काय, असे जणू ते विचारी. हुकूम दिल्यावाचून ते काहीच करीत नसे. तेथे बसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला हे पहिल्याच दिवशी कळे की येथे मालक आपण आहोत.

याच कंपनीत विल्सन आणि फर्बर यांनी पुढे एक नवा प्रोसेसर आखला. त्याची चाचणी त्यांनी याच शाळेच्या संगणकावर केली, आणि १९८५ साली तो चालू झाला. त्याचे नाव एआरएम. आज वाचकांच्या खिशात जो मोबाइल फोन आहे, त्याच्या पोटात बहुतकरून त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे.

पण चांगली सुरुवातही टिकवावी लागते. नव्वदीच्या दशकात ब्रिटनच्या शाळांत यंत्रे वाढली आणि विद्या घटली. मुलांना कार्यक्रम रचावयास शिकविण्याऐवजी तयार कार्यक्रमात पत्र कसे लिहावे, तक्ता कसा आखावा, हे शिकविले जाऊ लागले. कारकून तयार झाले; कारागीर आटले. ही खोड लक्षात आली तेव्हा केंब्रिजच्याच मंडळींनी २०१२ साली ‘रास्पबेरी पाय’ हा स्वस्त, उघडा संगणक काढला. इंग्लंडमध्ये २०१४ पासून कार्यक्रमरचना पुन्हा अभ्यासक्रमात आली, आणि २०१६ साली बीबीसीने तळहाताएवढा ‘मायक्रोबिट’ लाखो मुलांना फुकट वाटला.

आपल्या शाळांत

बीबीसी मायक्रो आपल्याकडेही आला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने शालेय संगणक-साक्षरतेची योजना सुमारे २५० शाळांत सुरू केली, आणि तिच्यासाठी हाच संगणक निवडला. हेतू चांगला होता. परंतु तिकडे यंत्रामागे दूरचित्रवाणी होती, मासिके होती, घरोघरी यंत्रे होती. आणि यंत्राची भाषा त्या मुलांच्या घरचीच भाषा होती. आपल्याकडे केवळ यंत्र आले. लाखो शाळांच्या देशात अडीचशे शाळा म्हणजे समुद्रात मूठभर मीठ. त्या वेळी आम्ही शाळा सोडून छापखान्यात लागलो होतो. संगणक हा शब्द आम्ही प्रथम दुसऱ्याच्या लेखात जुळविला.

आमची चूक

आता कबूल केल्याप्रमाणे आमची चूक सांगतो. १९९१ च्या दिवाळीनंतर आम्ही काम करीत असलेल्या छापखान्याच्या मालकांनी एक संगणक व एक लेझर प्रिंटर आणला. आम्ही नऊ जुळारी होतो. आम्ही एकवीस वर्षांचे, रक्त गरम; पुढारीपण आपोआप आमच्याकडे आले. दारावर सभा घेतली. मागणी एकच: यंत्र नको. अडीच महिन्यांत आम्ही हरलो. खिळे भंगाराच्या भावाने वजनावर गेले. थोडी नुकसानभरपाई मिळाली आणि नऊ जण नऊ दिशांना गेले. यंत्रावर बाहेरून आणलेली एक मुलगी बसली. तिचा काय दोष? ती शिकून आली होती.

आमच्यात सर्वांत वडील जे जुळारी होते, त्यांना आम्ही काका म्हणत असू. शेकडो घरांतून न पाहता खिळा उचलणारा तसा हात आम्ही पुन्हा पाहिला नाही. पुढे त्यांनी एका इमारतीवर रखवालदारी केली. काही वर्षांनी एका लग्नात भेटले, तेव्हा म्हणाले, “का रे, मला ते यंत्र शिकता आलं नसतं का? एवढी घरं पाठ होती मला. शंभर कळांचं काय ते भय?”

“आलं असतं, काका,” आम्ही म्हणालो.

“मग तू ते मागितलं का नाहीस?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. मोठ्या संघटना आमच्याहून शहाण्या होत्या. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ सालीच व्यवस्थापनाशी यांत्रिकीकरणाबाबत करार केला होता. आम्ही यंत्राशी भांडलो. यंत्र कोणाच्या हाती राहावे, यासाठी भांडावयास हवे होते. आमच्या मागणीपत्रात दुसरे कलम असते, की या नऊ जणांना यंत्रावर बसवा व शिकण्याच्या काळात पगार द्या, तर कदाचित आम्ही तेही हरलो असतो. पण काकांच्या प्रश्नाला उत्तर राहिले असते.

हुकूम कोणाचा?

आज आमच्याकडे जी तरुण मुले तक्रार घेऊन येतात, त्यांच्यात घरपोच खाणे पोहोचविणारी पुष्कळ असतात. त्यांचा मुकादम त्यांनी कधी पाहिलेला नसतो. खिशातला फोन हुकूम सोडतो: येथून उचल, तेथे दे, इतक्या मिनिटांत दे. काम कोणाला मिळावे आणि कोणाला नाही हे तोच ठरवितो. कसे ठरवितो ते सांगत नाही. फोनच्या पोटात बहुतकरून त्याच कंपनीत जन्मलेले घराणे आहे, जिचे यंत्र एके काळी शाळेत मुलाच्या हुकमाची वाट पाहत थांबे. यंत्र आता हुकूम देते आणि माणूस धावतो. चापेकने वेठीचे नाव यंत्राला दिले होते. ते नाव आता कोणाला शोभते, याचा वाचकांनी विचार करावा. कायदा हळूहळू जागा होत आहे. राजस्थानने २०२३ साली आणि कर्नाटकाने २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदे केले. पण कायद्याने जे कळावयाचे ते समजून घेणारी माणसेही हवीत.

म्हणून आमच्या संघटनेच्या कचेरीत दर रविवारी सकाळी एक छोटा वर्ग चालतो. जुना दुरुस्त केलेला संगणक, त्यावर फुकट मिळणारे पडद्यावरचे कासव आणि कामगारांची आठ-दहा मुले-मुली, एवढाच त्याचा पसारा. मागे एकदा घरकाम करणाऱ्या एका बाईंची मुलगी त्रिकोण काढीत होती. तिनेही ६०च दिले, आणि त्रिकोण मिटेना. आम्ही गप्प राहिलो. ती उठली, लादीवर चालून पाहू लागली, थबकली, हसली, आणि येऊन तिने १२० केले. आई तिला न्यावयास आली होती. ती दारातून म्हणाली, “अगं बाई, तुझं ऐकतं होय ते?”

आमच्या सूचना साध्या आहेत. शाळेत यंत्र आले तर ते कपाटात न ठेवता मुलांच्या हाती द्यावे, आणि मुलीच्या हाती आधी द्यावे. यंत्र मुलाला काय शिकविते हे विचारण्याआधी, मूल यंत्राला काय सांगू शकते हे विचारावे. ज्या कारखान्यात किंवा कचेरीत नवे यंत्र येईल, तेथील जुन्या माणसाला ते शिकण्याचा पहिला हक्क असावा, आणि शिकण्याचे दिवस कामाचे दिवस समजावेत. या सूचना पालक, शिक्षक आणि आमचे कामगार बंधुभगिनी यांच्या विचारार्थ ठेवून आम्ही त्यांची रजा घेतो.